उंदीर, डास आणि एक झोपाळू राष्ट्राध्यक्ष

आमची आजी (आईची आई) तशी कशालाच घाबरायची नाही. परसात साप निघाला तरी शेजाऱ्यांना हाक मारून ती पुन्हा तांदूळ निवडायला बसायची. पण घरात मेलेला उंदीर दिसला की मात्र तिचा चेहरा बदलायचा. मग सगळं घर धुऊन निघायचं, आम्हां पोरांना पाटावर बसवून काखा-जांघा चाचपून बघितल्या जायच्या. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या आणि आजी रागवायची. तिने स्वतः 'पिलेग' पाहिलेला नव्हता, तिच्या आईने पाहिला होता. आधी उंदीर पडतात, मग माणसं. मग गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचं. पणजीच्या एका चुलत्याला काखेत गाठ आली तेव्हा घरच्यांनी त्याला तीन दिवस धान्याच्या कणगीमागे लपवून ठेवलं होतं. रोगाची भीती होतीच, त्याहून जास्त भीती तपासणीवाल्यांची. चुलता वाचला नाही. घरातली आणखी दोन माणसंही गेली.

ही गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. आजी सांगायची तेव्हा त्यात तपासणीवाले राक्षस असायचे. माझे वडील सांगायचे तेव्हा कणगीमागे लपवणारे मूर्ख असायचे. दोघांचं या विषयावर कधी पटलं नाही. (माईआत्या हे वाचत असेल तर तिला ती भांडणं नक्की आठवतील!)

२०२० साली सगळे घरात कोंडलेले असताना मी साथींच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत सुटले होते. तेव्हा हा माणूस मला पहिल्यांदा भेटला. फ्रान्सिस्को दे पाउला रोद्रिगेस आल्व्हेस. नाव ऐकून म्हापशाच्या बाजारात भेटलेले कोणी काका वाटतील, पण हे ब्राझीलच्या प्रजासत्ताकाचे पाचवे राष्ट्राध्यक्ष. (ब्राझीलचे लोक शब्दाच्या सुरुवातीचा 'र' जवळजवळ 'ह'सारखा म्हणतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'होद्रीगिस' असं काहीसं होतं आणि रिओचं 'हीउ'. मी आपली गोव्याकडच्या सवयीने रोद्रिगेसच लिहिते.)

आजीच्या उंदरांचा आणि त्यांचा संबंध आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ती प्लेगची साथ १८९४ साली हाँगकाँगला पोचली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ती ओळखली. पुढे ती जहाजांबरोबर जगभर फिरली. १८९९ साली पोर्तुगालमधल्या पोर्तोला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्राझीलच्या सांतोस बंदराला. सांतोस म्हणजे कॉफीचं बंदर. तिथून निघालेल्या कॉफीच्या पैशावर सगळा ब्राझील चालत होता. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, साओ पाउलो राज्याचा कारभार रोद्रिगेस आल्व्हेस यांच्या हाती आला आणि फेब्रुवारी १९०१ मध्ये प्लेगवर रक्तजल तयार करणारी संस्था साओ पाउलो शहराबाहेर बुतांतान इथे त्यांच्याच कारकिर्दीत रीतसर सुरू झाली. ही संस्था आजही आहे, आणि सापांच्या विषावरच्या औषधासाठी जगात नावाजलेली आहे.

पण थोडं मागे जायला हवं.

त्यांचा जन्म ७ जुलै १८४८ चा, साओ पाउलो प्रांतातल्या ग्वारातिंगेता गावचा. वडील पोर्तुगालहून आलेले. पाराईबा नदीचं खोरं तेव्हा कॉफीने भरलेलं होतं, आणि कॉफी म्हणजे गुलाम. हे गृहीतच धरायचं. मुलगा हुशार म्हणून रिओला, बादशहा दुसरा पेद्रो याच्या नावाच्या शाळेत गेला. तिथे जोआकिम नाबुको त्यांच्याबरोबर होते. हेच नाबुको पुढे गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचे मोठे पुढारी झाले. मग साओ पाउलोचं कायद्याचं महाविद्यालय, १८७० ची पदवी. त्या महाविद्यालयाच्या त्या काळातल्या विद्यार्थ्यांची यादी बघितली तर चक्रावायला होतं. रुई बार्बोझा, नाबुको, आफोन्सो पेना, कवी कास्त्रो आल्व्हेस... एवढ्या गर्दीत आमचे हे गृहस्थ शांत, अभ्यासू आणि काहीसे कंटाळवाणे. लग्न कॉफीवाल्या बड्या घराण्यातल्या नात्यातल्याच मुलीशी झालं. ती १८९१ साली वारली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या निवासातलं यजमानीणपण पुढे त्यांच्या मुलींनी सांभाळलं.

राजकारणात ते बादशहाच्या बाजूचे, पुराणमतवादी पक्षाचे. १८८७-८८ मध्ये साओ पाउलो प्रांताचे प्रमुख झाले. १८८८ साली बादशहाने त्यांना 'कोन्सेलेइरो' म्हणजे सल्लागार ही पदवी दिली. त्याच वर्षी १३ मे रोजी गुलामगिरी संपली, आणि पुढच्या वर्षी १५ नोव्हेंबर १८८९ ला सैन्याने बादशाहीच संपवली. मार्शल देओदोरो दा फोन्सेका घोड्यावर बसून आला आणि म्हातारा बादशहा कुटुंबासकट युरोपला रवाना झाला. सामान्य लोकांना काय चाललंय हे कळलंही नाही असं म्हणतात.

अशा वेळी बादशहाच्या सल्लागाराने काय करायचं? काहीजण परदेशी गेले, काहीजण घरी बसले. रोद्रिगेस आल्व्हेस नव्या प्रजासत्ताकाची घटना लिहिणाऱ्या सभेत निवडून गेले! फ्लोरिआनो पेशोतो या दुसऱ्या लष्करी राष्ट्राध्यक्षाच्या आणि नंतर प्रुदेन्ते दे मोराइस या पहिल्या मुलकी राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली ते अर्थमंत्रीही झाले. गंमत म्हणजे लोक त्यांना शेवटपर्यंत कोन्सेलेइरोच म्हणत राहिले. संस्थानं विलीन झाली तरी आपल्याकडे सरदारांना सरदारच म्हणत राहिले, तसं काहीसं. याला संधिसाधूपणा म्हणावं का? माझ्या वडिलांनी म्हटलं असतं. मला वाटतं, हा माणूस मुळात कारभारी होता. राजा कोण याच्यापेक्षा खजिन्यात किती शिल्लक आहे याची त्याला जास्त काळजी. अशी माणसं प्रत्येक राजवटीला लागतात आणि प्रत्येक राजवट त्यांना थोडी हसते.

त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष काम्पोस सालेस यांनी १८९८ साली लंडनच्या रॉथ्सचाइल्डांशी कर्जाचा करार करून देशाला दिवाळखोरीतून वाचवलं होतं, पण त्यासाठी कर वाढवले, खर्च छाटले आणि लोकांचा रोष घेतला. राज्याराज्यांतल्या बड्या धेंडांशी त्यांनी जी व्यवस्था लावून दिली ती पुढे तीसेक वर्षं टिकली. तुम्ही आम्हाला दिल्लीत, आपलं, रिओत साथ द्या, आम्ही तुमच्या राज्यात लक्ष घालणार नाही. मतदान नावापुरतं होतं. स्त्रियांना नाही, निरक्षरांना नाही. सगळ्या लोकसंख्येच्या पाच टक्केही लोक मत देत नसत. तेव्हा १९०२ साली रोद्रिगेस आल्व्हेस 'निवडून आले' हे वाक्य त्या अर्थानेच घ्यायचं.

आता रिओ. आज आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा आणि कार्निव्हल येतो, पण १९०२ चं रिओ म्हणजे अरुंद, कोंदट गल्ल्या, एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, उथळ बंदर आणि मरण. १८४९-५० पासून पीतज्वर तिथे ठाण मांडून होता. देवी होत्याच. आता त्यात प्लेग. १८९५-९६ मध्ये लोम्बार्दिया नावाची इटालियन युद्धनौका रिओला आली आणि तिच्यावरचे दोनशेहून जास्त लोक पीतज्वराने मेले. युरोपातल्या जहाज कंपन्या 'ब्राझीलला न थांबता थेट ब्वेनोस आइरेस' अशा जाहिराती करत. गुलाम मुक्त झाल्यावर कॉफीच्या मळ्यांना युरोपातून येणारे मजूर हवे होते, आणि मजूर तर रिओचं नाव काढताच पळत होते. म्हणजे राष्ट्राध्यक्षांना शहर साफ करायचं होतं ते निव्वळ भूतदयेपोटी, असं कोणी समजू नये. कॉफीवाल्यांच्या पोटावर पाय येत होता.

१५ नोव्हेंबर १९०२ ला शपथ घेताना त्यांनी फार मोठ्या गप्पा मारल्या नाहीत. राजधानीचं आरोग्य आणि बंदर, मुख्यतः एवढंच. आणि मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी माणसं निवडली. महापौर म्हणून पेरेइरा पासोस या ६६ वर्षांच्या इंजिनियरला आणलं, ज्याने तरुणपणी पॅरिसमध्ये ओसमानने शहर पाडून पुन्हा बांधताना पाहिलं होतं. बंदर आणि मोठ्या रस्त्याचं काम लाउरो म्युलर या मंत्र्याकडे. परराष्ट्र खातं बॅरन रिओ ब्रांको यांच्याकडे. आणि मार्च १९०३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रमुख म्हणून नेमला ओस्वाल्दो क्रूझ. वय वर्षे ३०. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून आलेला, सांतोसच्या प्लेगचा तपास केलेला, आणि मांगिन्योस नावाच्या दलदलीच्या जागी प्लेगचं रक्तजल बनवण्याच्या कामात गढलेला. शहरात त्याला कोणी ओळखतही नव्हतं.

माणसं निवडून झाल्यावर राष्ट्राध्यक्ष झोपले! निदान व्यंगचित्रकारांचं तरी तसंच म्हणणं होतं. त्या काळच्या चित्रांत ते पेंगलेले, झोपेत असलेले असे दिसतात. मला मात्र हा झोपाळूपणा हेवा वाटण्यासारखा वाटतो. हाताखालच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावत न बसणारा साहेब ज्याला मिळालाय त्यालाच हे कळेल.

अर्थात या झोपेची एक काळी बाजूही होती.

पासोस महाशयांनी पद स्वीकारतानाच अट घातली की काही महिने नगरपालिकेची सभा नको, मध्ये बोलायला कोणी नको. ती मान्य झाली. मग पाडापाडी सुरू झाली. लोकांनी त्या काळाला नावच दिलं 'बोता-आबाइशो', म्हणजे 'पाड खाली'! गावाच्या मधोमध जवळजवळ दोन किलोमीटर लांब, ३३ मीटर रुंद असा आव्हेनिदा सेंट्राल हा रस्ता काढण्यासाठी शेकडो घरं गेली. त्या वाड्यांतून राहणारे धुणंवाल्या, हमाल, पूर्वीचे गुलाम आणि त्यांची मुलं कुठे गेली? काही लांबच्या उपनगरांत आणि बरीचशी जवळच्या टेकड्यांवर. त्यातल्या एका टेकडीवर १८९७ च्या कानुदोसच्या लढाईतून परतलेल्या शिपायांनी आधीच झोपड्या घातल्या होत्या आणि तिला नाव पडलं होतं 'फावेला'. हा शब्द पुढे जगभर गेला. पासोसने रस्त्यात गायी दोहणं बंद केलं, ट्राममध्ये थुंकणं बंद केलं, भिकारी आणि भटकी कुत्री उचलली. आपल्या मुंबईतही १८९८ साली प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते दाटीच्या वस्त्या पाडून काढले गेले. तेव्हाही पाडलं किती आणि नवी घरं दिली किती हा हिशोब गरिबांच्या बाजूने कधीच जुळला नाही.

आमच्या गावात रस्तारुंदी झाली तेव्हा आमचा ओटा गेला. फक्त ओटा. घर राहिलं. नोटीस आली होती म्हणे, कोणाला ते कळलं नाही. एका सकाळी यंत्र आलं आणि दुपारपर्यंत आजोबांच्या बसण्याची जागा रस्त्यात गेली. आज त्याच रस्त्यावरून मी भाजीला जाते आणि रस्ता चांगलाच झालाय हे कबूल करावं लागतं. तरी तिथून जाताना अजून पाय किंचित बाजूला पडतो. रिओच्या माणसांचं तर सगळं घरच गेलं होतं. तेव्हा पुढे जे झालं ते निव्वळ लशीवरून झालं असं मानायला मी तयार नाही.

क्रूझने आधी डास धरले. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच सुचवलं होतं आणि १९०० साली हवानात अमेरिकन डॉक्टरांनी ते सिद्ध केलं होतं. पण रिओतले अनेक नावाजलेले डॉक्टर अजून दूषित कपडे, घाण, हवा यांनाच दोष देत होते. क्रूझच्या डासमार टोळ्या घराघरांत शिरून पिंप उपडी करत, गच्च्या-पन्हाळी तपासत, खोल्या बंद करून धुरी देत. लोक हसले, चिडले. मग प्लेगसाठी उंदीर. सरकार प्रत्येक मेलेल्या उंदरामागे ३०० रेइस देऊ लागलं. आता मंडळी, असं जाहीर झाल्यावर पुढे काय होणार हे आपल्यापैकी कोणालाही सांगता येईल. लोकांनी उंदीर पाळायला सुरुवात केली! खाडीपलीकडच्या नितेरोईहूनही उंदीर आणून विकले जाऊ लागले. कार्निव्हलला उंदरांवरची पोल्का गाजली. हे वाचताना मला आजी आठवली. पाळलेला उंदीर बघून तिने काय केलं असतं, देव जाणे.

पण प्लेग खरोखर कमी झाला. पीतज्वरही ओसरू लागला. मग १९०४ मध्ये देवीची मोठी साथ आली आणि इथे क्रूझचा आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या राष्ट्राध्यक्षांचा हात जरा जास्तच पुढे गेला.

लहान मुलांना देवी टोचायची सक्ती रिओत कागदावर १८३७ पासून होती, कोणी पाळत नव्हतं. ३१ ऑक्टोबर १९०४ च्या कायद्याने ती सगळ्या देशाला लागू झाली. ९ नोव्हेंबरला तिच्या अंमलाचे नियम वर्तमानपत्रात फुटले. शाळा, नोकरी, प्रवास, खाणावळीत मुक्काम, एवढंच काय लग्नालाही टोचल्याचा दाखला हवा. दुसऱ्याच दिवसापासून शहर पेटलं. ट्राम उलट्या करून जाळल्या, गॅसचे दिवे फोडले, रस्ते उखडून मोर्चेबंदी केली. सगळ्यात चिवट मोर्चा होता बंदराजवळच्या साउदे वस्तीत. साउदे या शब्दाचा अर्थ आरोग्य! तेव्हा रशिया-जपान युद्ध चालू होतं, म्हणून लोकांनी त्या मोर्चाला 'पोर्ट आर्थर' म्हटलं. त्याचा म्होरक्या होता ओरासिओ जोझे दा सिल्व्हा नावाचा कृष्णवर्णी गडी, सगळे त्याला 'प्राता प्रेता' म्हणजे काळी चांदी म्हणत.

लोकांचं म्हणणं काय होतं? एक म्हणजे परका पुरुष घरात शिरून आमच्या बायकामुलींचे हात, मांड्या उघड्या करणार. दुसरं म्हणजे हे शरीर माझं, सरकारचं नाही. ऑगस्त काँतचे अनुयायी आणि रुई बार्बोझांसारखे मोठे कायदेपंडितही सक्तीच्या विरोधात उभे होते. आणि तिसरी गोष्ट आपल्याला चटकन समजेल अशी. आफ्रिकेतून आलेल्या लोकांत ओमोलू हा देवीच्या रोगाचा देव. रोग देणारा तोच, काढून घेणाराही तोच. आपण या रोगाला 'देवी' म्हणत आलो, तिला कडुनिंबाचा पाला वाहत आलो, तेव्हा आपण त्यांना हसायचं काही कारण नाही.

हे सगळं वाचताना मला १८९७ चं पुणं दिसत होतं. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, बायकांची तपासणी होत होती, सामान रस्त्यावर जाळलं जात होतं. २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडला गोळी घातली. एक फरक मात्र विसरून चालणार नाही. रँड परक्या सरकारचा माणूस होता. रिओत घरात शिरणारे आपलेच होते, आपल्याच 'प्रजासत्ताका'चे. पण ज्याच्या दारावर थाप पडते त्याला हा फरक कितपत कळत असेल?

१४ नोव्हेंबरच्या रात्री लष्करी शाळेचे काहीशे विद्यार्थी बंड करून राष्ट्राध्यक्षांच्या कातेते राजवाड्याकडे निघाले. लाउरो सोद्रे हा सिनेटर आणि काही लष्करी अधिकारी या निमित्ताने सरकारच उलथवायला बघत होते. बोताफोगोत अंधारात गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची पळापळ झाली. बंडाचा सेनापती त्राव्हासोस जबर जखमी झाला आणि पुढे मेला. राष्ट्राध्यक्षांना सल्ला मिळाला की बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर चला. झोपाळू म्हणून ज्याची चेष्टा व्हायची तो ५६ वर्षांचा विधुर गृहस्थ राजवाडा सोडायला तयार झाला नाही. तिथेच बसून राहिला.

१६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. सक्ती स्थगित झाली. साउदेची मोर्चेबंदी मोडली. नेहमी दिले जाणारे आकडे असे: ३० मृत, ११० जखमी, ९४५ अटकेत. त्यातल्या ४६१ जणांना जहाजांत कोंबून आक्रेला पाठवलं. प्राता प्रेताही त्यांच्यात होता.

आक्रे म्हणजे ॲमेझॉनच्या टोकाचं रबराचं जंगल. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९०३ मध्ये, याच राष्ट्राध्यक्षांच्या काळात रिओ ब्रांको यांनी पेत्रोपोलिसच्या तहाने ते बोलिव्हियाकडून २० लाख पौंड मोजून आणि रेल्वे बांधून द्यायचं कबूल करून मिळवलं होतं. शाळेच्या पुस्तकात हा विजय म्हणून येतो. पण त्या जंगलाचा एक उपयोग लगेच असा झाला. यातल्या कित्येकांवर खटलासुद्धा चालला नाही. आणि सरकार उलथवू पाहणारे अधिकारी, राजकारणी? त्यांना १९०५ मध्ये माफी मिळाली.

रोद्रिगेस आल्व्हेस मला आवडतात असं मी वर म्हटलंय. ते मागे घेत नाही. पण ही जहाजं मला त्यांना माफ करता येत नाहीत. पाडापाडी, सक्ती, घाई या सगळ्याला काहीतरी कारण देता येतं. मरणाऱ्यांचा आकडा समोर ठेवला की बरंच काही पटू लागतं. पण बंड मोडल्यानंतर, भीती संपल्यानंतर, गरिबांना जंगलात आणि साहेबांना घरी पाठवलं, त्याला कुठलं कारण देणार?

दुसरा आकडाही द्यायलाच हवा, नाहीतर वडील वरून रागावतील. १९०२ मध्ये रिओत पीतज्वराने जवळजवळ एक हजार माणसं मेली होती. १९०८ मध्ये चार. १९०९ मध्ये एकही नाही. १९०७ ला बर्लिनच्या आरोग्य परिषदेत क्रूझला सुवर्णपदक मिळालं. आणि सक्ती बारगळलेल्या देवीचं काय झालं? १९०८ साली रिओत देवीची भयानक साथ आली, हजारोंनी माणसं आजारी पडली, आणि चार वर्षांपूर्वी ज्यांनी ट्राम जाळल्या त्याच शहरातले लोक आपणहून टोचून घ्यायला गेले. चार वर्षं समजावण्यात घालवली असती तर? सक्ती रेटली असती तर? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. आजी आणि वडील दोघंही जिंकत नाहीत.

कारकिर्दीच्या शेवटी एक छोटी पण बोलकी गोष्ट घडली. कॉफी अती पिकत होती, भाव पडत होते. फेब्रुवारी १९०६ मध्ये कॉफी पिकवणाऱ्या तीन राज्यांनी ताउबाते इथे ठरवलं की सरकारने कर्ज काढून कॉफी विकत घ्यावी आणि कोठारात ठेवावी. स्वतः साओ पाउलोचे, कॉफीच्या घरातले रोद्रिगेस आल्व्हेस याला पाठिंबा देईनात. चलन कोसळेल, कर्ज वाढेल, ही भीती. त्यांच्याच गोतातल्या लोकांना ते रुचलं नाही. पुढचे राष्ट्राध्यक्ष आफोन्सो पेना आले आणि ती योजना चालू झाली.

१५ नोव्हेंबर १९०६ ला ते पायउतार झाले तेव्हा लोकप्रिय होते असं लिहिलेलं सापडतं. नव्या रुंद रस्त्यावर फिरणाऱ्यांत नक्कीच असतील, टेकडीवरून तो रस्ता बघणाऱ्यांत किती असतील कोण जाणे. १९१२ ते १९१६ पुन्हा साओ पाउलोचा कारभार, त्यातला बराच काळ आजारपणात. आणि मग १ मार्च १९१८ ला, सत्तरीला टेकलेले असताना, ते पुन्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. दुसऱ्यांदा निवडून आलेले पहिलेच.

त्या सप्टेंबरात देमेरारा नावाचं जहाज युरोपातून आलं. त्याच्यामागून स्पॅनिश फ्लू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकट्या रिओत १५ हजारांच्या आसपास माणसं मेली. दुकानं बंद, ट्राम बंद, प्रेतं उचलायला माणूस मिळेना. ओस्वाल्दो क्रूझ वर्षभरापूर्वीच, १९१७ मध्ये, ४४ व्या वर्षी वारला होता. लढाईवर त्याचा शिष्य कार्लोस शागास उभा होता. १५ नोव्हेंबरला शपथविधी ठरलेला, पण निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अंथरुणाला खिळलेले. शपथ उपराष्ट्राध्यक्ष देल्फिम मोरेइरा यांनी घेतली. १६ जानेवारी १९१९ ला रोद्रिगेस आल्व्हेस गेले. पुस्तकं कारण म्हणून स्पॅनिश फ्लू सांगतात. प्रकृती आधीपासूनच तोळामासा होती हेही खरं. घटनेप्रमाणे पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. त्यांना त्यांच्या ग्वारातिंगेता गावी नेऊन पुरलं.

आता शेवटची गंमत. मांगिन्योसच्या त्या दलदलीतली संस्था आज ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठान या नावाने ओळखली जाते. जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या लशीचे पहिले २० लाख डोस या संस्थेसाठी रिओला गेले ते पुण्यात बनलेले, आणि विमान सुटलं मुंबईहून. तेव्हाचे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो (जे स्वतः लस घ्यायला तयार नव्हते!) यांनी आभार मानताना एक चित्र टाकलं होतं. त्यात द्रोणागिरीऐवजी लस घेऊन मारुती समुद्र ओलांडून ब्राझीलकडे उडत चाललेला. टीव्हीवर ते चित्र दाखवलं तेव्हा आई माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिने चष्मा वर करून नीट बघितलं आणि विचारलं, "त्यांना आपला मारुती कसा गं माहीत?"